नाव आधी कागदावर लिहून आण

प्रिय मुली,

सलाम.

तुझा फोन आला तेव्हा कुकर लावत होते, म्हणून धड बोलता आलं नाही. मैत्रिणीच्या लेकीची धर्ममाता (गॉडमदर) होणार आहेस, पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा आहे आणि ‘बाई, काय देऊ?’ एवढंच कानावर पडलं. मग शिट्ट्या सुरू झाल्या. आता निवांत लिहिते.

आधी माझी फजिती ऐक. १९८९ साली मी पहिल्यांदा धर्ममाता झाले. नोकरी नवी, हौस दांडगी. सराफ बाजारातून चांदीचा पेला घेतला, चांगला वजनदार, काठाला वेलबुट्टी, आणि मधोमध ‘डेव्हिड’ असं डौलात कोरून घेतलं. रविवारी चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी पाळकसाहेबांनी आम्हाला बाळाचं नाव विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आजीचा आवाज आला, ‘दावीद!’ मराठी बायबलात आहे तसंच नाव हवं, असा आदल्या रात्री घरात निकाल लागला होता. मला कळवायचं राहून गेलं. पेला तसाच दिला, दुसरं करणार काय!

नाव चुकलं त्याचं मला आता काही वाटत नाही. खरी चूक पुढची. त्या पेल्यातून कुणी घोटभर पाणी प्यायलं नाही. आधी तो गोदरेजच्या कपाटात, तिथून बँकेच्या लॉकरमध्ये. दावीदच्या लग्नात मी हसत विचारलं, ‘काय रे, माझा पेला आहे ना?’ तर म्हणतो, ‘कुठला पेला, बाई?’ त्याला काय बोल लावणार? मीच पेला देऊन मोकळी झाले होते. नाताळात करंज्यांचा डबा पोचवायचा, एवढाच आमचा संबंध.

आता दुसऱ्याची गोष्ट. आपल्या मंडळीत पिंपळगाव बसवंतकडचे एक द्राक्ष बागायतदार होते. नाशिकरोडच्या एका मुलीचे ते धर्मपिता झाले. बाप्तिस्म्याला ते काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतलं डॉगरिजचं, म्हणजे द्राक्षाचं कलम ज्यावर बांधतात त्या खुंटाचं, रोप घेऊन आले. बाकीच्यांच्या हातात झबली-टोपडी आणि चांदीच्या चेनी, आणि यांच्या हातात मातीची पिशवी. बाळाच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. फेब्रुवारी होता. त्यांनी स्वतःच अंगणात खड्डा घेऊन, शेणखत घालून ते लावलं. पावसाळा सरताना पुन्हा आले ते ओल्या फडक्यात गुंडाळलेली थॉमसन जातीच्या द्राक्षाची काडी घेऊन. खुंट आडवा कापला, मधोमध चीर दिली, काडीचं टोक पाचरीसारखं तासून त्यात बसवलं आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळून बांधली. कलम धरलं.

आणि द्राक्षाची वेल म्हणजे लावली नि विसरली असं चालत नाही. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी. एक चुकली की नुसता पाला माजतो. म्हणून वर्षातून दोनदा ते गृहस्थ कात्री घेऊन हजर. मुलगी आधी आईच्या कडेवरून बघायची, मग खाली पडलेल्या काड्या वेचायला लागली आणि सात-आठ वर्षांची झाल्यावर, कोणत्या डोळ्यावर कापायचं ते तिचं तीच सांगायची. एकदा छाटलेल्या टोकातून पाणी टिपकताना बघून तिने विचारलं, ‘हिला दुखतं का?’ तेव्हा पायरीवर बसून त्यांनी तिला योहानाच्या पंधराव्या अध्यायातला वेल आणि फाट्यांचा दाखला सांगितला. ज्या फाट्याला फळ येतं त्यालाही माळी छाटतो, का, तर आणखी फळ यावं म्हणून. संडे स्कूलमध्ये हा धडा मी कितीतरी वर्षं शिकवला, पण असा कधी नाही.

पहिले घड बुलबुलांनीच खाल्ले. पुढच्या साली भुरी रोग आला. पण सांगायचं ते हे की त्या वेलीने तो माणूस त्या घरी येत राहिला. मी तेव्हापासून भेट याच काट्यावर तोलते: ही वस्तू मला पुन्हा त्या दारात नेणार आहे का?

तुझ्या मैत्रिणीचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, तेव्हा वेल नको. माझं मत चांदीच्या वाटी-चमच्याला. तू म्हणशील, ही तर उष्टावणाची भेट. आहेच! आपल्या घराण्यांमधून पिढीजात चालत आलेली बाप्तिस्म्याची भेट अशी फारशी नाहीच, कारण आपले बरेचसे पूर्वज मोठेपणी पाण्यात उतरले. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते तिशी ओलांडलेले होते, त्यांना कोण झबलं देणार? म्हणून आपण थोडं आजोळाकडून घेतलं, थोडं मिशनकडून. तिकडे इंग्लंडातही सोळाव्या-सतराव्या शतकांत धर्ममाता-पिता चमचेच देत. दांड्याच्या टोकाला एका प्रेषिताची छोटी मूर्ती असायची. ऐपतदार असला तर बारा प्रेषितांचे बारा आणि प्रभूचा तेरावा, नसला तर एकच. तूही एकाचीच धनीण हो, पगार सुरू होऊन वर्षही झालं नाही तुला.

घेताना कोरा घे. घुंगरू, खडे, मीनाकाम काही नको, बाळ सगळं आधी तोंडात घालतं. काठावरून बोट फिरव, कुठे धार लागता कामा नये. दांडा भरीव हवा. चांदीला सोन्यासारखी हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून तो आपण मागायचा. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. निव्वळ चांदी मऊ असते, चमचा वाकतो. वजन तुझ्यासमोर करून घे आणि मजुरी वेगळी लिहून माग. वापरून काळी पडेल याची आईला भीती वाटेल. तिला सांग, वरणभाताने काही होत नाही. अंड्याने मात्र काळवंडते, ती रांगोळीने घासली की झालं. लॉकरमध्ये ठेवायची नाही, अशी माझी सक्त ताकीद आहे म्हणून सांग.

कोरण्याबद्दल. आडनाव नको, ‘सप्रेम भेट’ नको, आणि तुझं नाव तर नकोच नको. बाळाचं नाव आणि बाप्तिस्म्याची तारीख, बस. जन्मतारीख आधार कार्डावर असतेच. अक्षर देवनागरी आणि ठळक हवं. आपल्या नाशिकच्या शरणपूरला १८५४ साली मिशनची वसाहत झाली आणि गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं पुढे तिथे शिकली, हे तुला वर्गात सांगितलं होतं. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ साली मिशनरी आणि प्रवासी लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचं नाव आणि तारीख झाडाच्या खोडावर कोरणारा तो. जंगलात, हाताशी असलेल्या हत्याराने. सराफ बाजारातल्या कारागिराने वळणदार अक्षरांचा आग्रह धरला की मला हटकून जेकब आठवतो.

सोन्याची क्रूस असलेली चेन नको. बाळ ओढतं, टोचते, आणि शेवटी तीही लॉकरमध्येच जाते. पवित्र शास्त्र आत्ता नको, वाचायला लागली की स्वतः घेऊन जा आणि शेजारी बसून पहिला अध्याय वाच. पैसेच द्यायचे मनात असेल तर आईवडिलांनी लेकीचं सुकन्या समृद्धीचं खातं उघडलंय का विचार. ते तुला उघडता येत नाही, पालकांनाच येतं. पण दर वर्षी बाप्तिस्म्याच्या तारखेला त्यात भरायला थोडे पैसे त्यांच्या हातात देता येतील. वर्षाला २५० रुपये भरले तरी खातं चालू राहतं. फक्त ते ऑनलाइन पाठवू नकोस, घरी जाऊन दे. तिच्याच वाटीत वरणभात कालवून दोन घास भरव आणि मग नीघ.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास ये, आपण दोघी जाऊ. गाडी रविवार कारंज्यापाशीच ठेव, पुढच्या गल्ल्यांत जागा मिळत नाही. मी ज्यांच्याकडे जाते त्या कारागिराच्या दुकानात २०१९ च्या पुरात पाणी शिरलं होतं. भिंतीवरची खूण ते प्रत्येक गिऱ्हाईकाला दाखवतात, तुलाही दाखवतील, तेव्हा घाई करू नकोस.

येण्याआधी मैत्रिणीला विचार, पाळकसाहेबांपुढे नाव काय घेणार आहेत. आणि नुसतं तिला नाही, बाळाच्या दोन्ही आज्यांनाही विचार. ऱ्हस्व-दीर्घ पाहून कागदावर लिहून आण.

तुझ्या संडे स्कूलच्या बाई