पावशा हिवाळ्यात जातो कुठे?

प्रश्न : मार्च-एप्रिलपासून ‘पेर्ते व्हा’ ऐकू येतं, पण दिवाळीत पावशाचा पत्ता नसतो. तोही चातकासारखा स्थलांतर करतो का?

उत्तर : पावशा बहुतांशी इथेच असतो. विणीचा हंगाम सरला की तो ओरडायचा थांबतो, आणि दाट पानांत बसणारा हा राखाडी पक्षी आवाजाशिवाय सहसा सापडत नाही. चातकाचं तसं नाही. तो मेअखेर-जूनमध्ये आफ्रिकेकडून येतो आणि पावसाळा सरताना परततो. काळं-पांढरं अंग, डोक्यावर तुरा आणि पंखावर पांढरा ठिपका दिसला की चातक.

पावशाचा घोळ होतो तो शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याशी. रंग, छातीपोटावरच्या रेघा, उडण्याची ढब, सगळंच जुळतं. चोच बघा. शिक्र्याची आखूड आणि आकड्यासारखी, पावशाची सरळसर; शिवाय पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. आवाज दर खेपेला चढत जाऊन एकदम तुटला, तर पावशा नक्की.

पावशा आणि चातक दोघेही सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालतात, तीही सातभाईंसारखीच निळी. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सातभाईंचा थवा दिसला की घाईने पुढे जाऊ नका. त्यात भरवून घेणारं एखादं वेगळंच पिल्लू असू शकतं. पावसाळ्यात याहून सुंदर निरीक्षण क्वचितच मिळतं!

प्रश्न : नदीकाठी उन्हाळ्यातही धोबी पक्षी दिसला. तो परत जायचा राहिला का?

उत्तर : तो बहुधा कवड्या धोबी, बारमाही रहिवासी. त्याचं कपाळ काळं आणि भुवई ठसठशीत पांढरी. हिवाळी पाहुण्या पांढऱ्या धोब्याचं कपाळच पांढरं असतं. पाठीच्या रंगावर विसंबू नका. पाहुण्यांतही काळ्या पाठीचे असतात.

प्रश्न : चष्मा लावून दुर्बिणीत कडेला काळी वर्तुळं दिसतात.

उत्तर : डोळ्यांकडचे रबरी कप पूर्ण आत फिरवा किंवा दुमडा. मग उजवी बाजू हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा. त्यानंतर डावी बाजू झाका, मधलं चाक न हलवता उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. नवी घेणार असाल तर ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं) घ्या. १०× मध्ये हाताचा कंप जास्त जाणवतो.