घरच्या काकवीबद्दल आलेले प्रश्न, आणि आधी ती हायड्रॉसची पुडी फेकून द्या

थंडी पडायला लागली की काकवीचे प्रश्न सुरू होतात. यंदा विचारणारे बहुतेक छोटे शेतकरी आहेत, गुऱ्हाळ नाही, दोन-चार गुंठे ऊस घरासाठी राखलेला, रसवंतीच्या चरख्यावर रस काढायचा आणि मागच्या अंगणात पातेल्यात आटवायचा, घरी खायची, पाहुण्यांना द्यायची, उरली तर ओळखीत विकायची. चांगली गोष्ट आहे. ऊस कसा लावायचा ते तुम्हाला माहितीय, त्यात मी शिरत नाही, थेट प्रश्नांवर येतो.

काकवी काळपट होते. दुकानदार म्हणतो हायड्रॉस टाका, सोन्यासारखा रंग येईल. ५० लिटर रसाला किती टाकू? (कागल तालुका)

अजिबात टाकू नका. चिमूटभर पण नको, "थोडंसं चालतं" पण नको. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, कापड रंगवायच्या आणि धुवायच्या धंद्यातली पावडर आहे ती. रसाचा रंग ती उडवते, पण तो कायमचा जात नाही, बाटली काही दिवस ठेवली की परत काळवंडते आणि वर गंधकाचा वास येतो तो वेगळाच. हायड्रॉसमुळे काकवीत सल्फर डायऑक्साइड हा गंधकाचा अंश उरतो, आणि गुळात त्याची मर्यादा ७० पीपीएम, म्हणजे किलोला ७० मिलिग्रॅम आहे. हिशोब करून बघा, ५० लिटर रसाची साधारण १३-१४ किलो काकवी होते, म्हणजे सगळ्या पातेल्यात मिळून जेमतेम एक ग्रॅम. आणि दुकानदार सांगतो मूठभर! ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांना गंधकाच्या अशा पदार्थाने दम लागू शकतो, आणि ही काकवी तुम्ही घरातल्या लेकरांना भाकरीबरोबर देणार आहात.

काळपटपणाचं मूळ शोधा. बहुतेक शेतात मला तीच कारणं सापडतात. मोठ्या बांधणीनंतर, म्हणजे उसाच्या बुडाला माती चढवून झाल्यावर, युरिया टाकलेला असतो, "ऊस हिरवागार दिसायला" म्हणून. साडेचार-पाच महिन्यांनंतर नत्र देऊ नका, मी हे दरवर्षी सांगतो, उशिराचं नत्र उसाला वाढवत राहतं, पिकू देत नाही, आणि रसात असे घटक राहतात जे आटवताना काळे पडतात. दुसरं म्हणजे तोडून दोन-दोन दिवस पडलेला ऊस. तिसरं लोखंडी कढई, लोखंड रसात उतरतं आणि रंग काळवंडतो, स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्या. आणि चौथं, शेवटच्या टप्प्यात जाळ मोठा ठेवणं. ही चार दुरुस्त झाली की काकवी लालसर तपकिरी, पारदर्शक होते, आणि काकवीचा खरा रंग तोच. पिवळीधमक काकवी दिसली की घेणाऱ्यानेच शंका घ्यावी.

ऊस १० महिन्यांचा आहे, पाहुणे जानेवारीत येणार, गोडी वाढवायला रिपनर (ऊस पिकवायचं औषध) फवारू का? डीलरकडे चांगली कंपनी आहे. (हातकणंगले)

कंपनी कितीही चांगली असू दे, नको. कच्चा ऊस फवारून पुरता पिकत नाही. घरी खायच्या उसावर तोडणीच्या तोंडावर फवारणी करायची, ते पण दुकानदाराने बाटलीच्या झाकणाने मोजून सांगितलेल्या डोसवर, हे मला बिलकुल मान्य नाही. "गोडी वाढवणारं टॉनिक" म्हणून विकतात त्यातल्या निम्म्या बाटल्यांवर आत काय आहे तेच धड लिहिलेलं नसतं.

सुरू ऊस (डिसेंबर-फेब्रुवारी लावणीचा) निदान १२ महिन्यांचा होऊ द्या, आडसाली (जुलै-ऑगस्ट लावणीचा) १४ ते १६. हँड रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसाची गोडी मोजायचं हातातलं यंत्र, गावात कुणाकडे तरी असतो, कारखान्याच्या शेतकी माणसाकडे तर असतोच, मागून घ्या. उसाच्या बुडख्याचा आणि शेंड्याकडचा रस वेगवेगळा बघा. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, २१ च्या आसपास आला आणि बुडखा-शेंडा जवळजवळ सारखा दाखवायला लागला की ऊस पिकला. शेंडा १५ आणि बुडखा २० असेल तर कोयता खाली ठेवा आणि थांबा. डिसेंबर ते फेब्रुवारी, रात्री गार आणि दिवसा ऊन, ही काकवीची खरी वेळ. तोडणीच्या आधी १०-१५ दिवस पाणी तोडा. मार्च उलटला, ऊन तापलं, की तोडलेल्या उसातली साखर भराभर फुटते, तेव्हा हौस पुढच्या वर्षावर टाका. आणि सकाळी तोडलेला ऊस त्याच दिवशी गाळा. रात्री तोडून ठेवू, सकाळी निवांत करू, असलं काही करायचं नाही. वरची कोवळी दोन-तीन कांडी तोडून वाढ्याबरोबर जनावरांना घाला, रसात नकोत.

५० लिटरची पूर्ण रीत सांगा. चुना किती घालायचा? भेंडीची पावडर पाकिटात मिळते ती चालेल का? (पन्हाळा)

आधी चुन्याचं बोलतो कारण सगळ्यात जास्त वाट तिथेच लागते. पिकलेला, ताजा, त्याच दिवशी गाळलेला ऊस असेल तर काकवीला चुना लागतच नाही, मी तर घालूच देत नाही. रस जरा आंबटसर असेल तरच, चुन्याची वरची निवळी चमच्या-चमच्याने, आणि पीएचची कागदी पट्टी हातात घेऊन, ६ च्या थोडं वर गेलं की बंद. अंदाजाने वाटीभर ओतलात की काकवी काळी, खारट, तोंडाला बुळबुळीत, आणि मग रंग सुधारायला परत दुकानदाराकडे हायड्रॉससाठी. त्याचं दुकान या फेऱ्यावरच चालतं.

आता भेंडी, रसातली घाण वर आणते ती. पाकिटातली पावडर कशाला? बांधावर रानभेंडी लावा ना! मी जिथे जातो तिथे हेच सांगतो, लोक ऐकतात आणि पुढच्या वर्षी विसरतात. १००० लिटर रसाला दोन ते अडीच किलो हिरवं खोड ही गुऱ्हाळाची शिफारस आहे, तुमच्या ५० लिटरला सव्वाशे ग्रॅम भरपूर झालं, म्हणजे हातभर लांबीचा एक जाड फाटा. तो वरवंट्याने ठेचा, लिटरभर पाण्यात भिजवा आणि हाताने चोळा. पाणी असं चिकट झालं पाहिजे की बोटं वर उचलली तर तार सुटेल. तेच पाणी गाळून रसात घालायचं.

रस दोन पदरी सुती कापडातून गाळून पातेल्यात घ्या, पातेलं निम्म्याच्या वर भरू नका कारण फेस चढतो. जाळ मंद. रस हाताला चांगला गरम लागायला लागला, पण उकळी यायच्या आधी, तेव्हा भेंडीचं पाणी ओता आणि ढवळू नका. ढवळू नका म्हणजे खरंच ढवळू नका. थोड्या वेळात वर काळपट हिरवी जाड मळी गोळा होते, सायीसारखी एकसंध, ती झाऱ्याने कडेकडेने उचलून घ्या. हीच मळी उकळीत फुटली तर परत रसात मिसळते आणि मग कुठलीच पावडर ती काढू शकत नाही. काकवी चांगली की वाईट हे या अर्ध्या तासात ठरतं, तेव्हा मोबाईल बाजूला ठेवून तिथेच बसा. पहिली मळी निघाली की जाळ वाढवा, उकळी येऊ द्या, दुसरी मळी पांढरट येते ती पण काढा. फेस फारच चढला तर शेंगदाणा तेलाचे चार थेंब, बास.

उतरवायचं १०५ ते १०६ अंशावर. गूळ ११८ च्या पुढे जातो, काकवी त्याच्या खूप आधी थांबते. पण थर्मामीटरवर आंधळा भरवसा नको. आधी साध्या उकळत्या पाण्यात बुडवून बघा. आपल्या कोल्हापूरच्या उंचीवर पाणी ९८ च्या आसपास उकळतं, तुमचा थर्मामीटर तिथे ९५ दाखवत असेल तर तो तीन अंश मागे आहे, तेवढे वजा धरून, म्हणजे १०२-१०३ दिसलं की उतरवा, नाहीतर काकवी करायला गेलात आणि पातेल्यात गूळ! १०० च्या पुढे गेल्यावर जाळ एकदम कमी करा, शेवटचे अंश भरभर चढतात.

आणि हे घरातल्या ओट्यावर करू नका. ५० लिटरातून ३५-४० लिटर पाणी वाफ होऊन जातं, भिंती ओल्या होतात, आणि जवळपास चार किलो गॅस जळतो, परवडत नाही. अंगणात तीन दगडांची चूल आणि वाळलेलं चिपाड किंवा सरपण. ताजं ओलं चिपाड धूर करतं, आधी वाळवून ठेवा. प्लास्टिक, टायरचे तुकडे चुलीत घालायचे नाहीत, हे सांगावं लागतं म्हणून सांगतोय.

बाटलीच्या तळाला साखर बसते, आणि एका बाटलीचं झाकण फेसाने उडालं. दुकानदार म्हणतो प्रिझर्वेटिव्ह कमी पडलं. (करवीर)

दोन वेगळे आजार आहेत. साखर बसते ती जास्त आटवल्यामुळे, आणि आंबट घटक कमी असल्यामुळे. त्याला सायट्रिक अॅसिड, खाण्याच्या दर्जाचं, किलोला ४०० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या १४ किलोला साडेपाच ग्रॅम, उतरवायच्या जरा आधी. एक लहान चमचा झाला. दुकानदार पन्नास ग्रॅमचं पाकीट देतो आणि लोक अख्खं पाकीट ओततात! मला विचाराल तर चार-पाच कागदी लिंबं पिळा, काम होतं.

फेस येतो तो पातळ राहिल्यामुळे, १०५ च्या आधीच उतरवली असणार किंवा बाटली ओली असणार. त्याला प्रिझर्वेटिव्ह हा उपाय नाही, नीट आटवणं आणि कोरडी बाटली हा आहे. फेसाळलेली काकवी परत उकळून विकू नका, टाकून द्या.

उतरवल्यावर लगेच बाटलीत भरायची घाई पण नको. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ८-१० दिवस शांत ठेवा, गाळ खाली बसतो, वरची निवळ अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, परत एकदा गरम करा आणि उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटलीत गरमच भरा. हे आठ दिवस कुणाला थांबवत नाही, आणि मग "गढूळ दिसते, काय घालू" असा फोन येतो. काही घालू नका, थांबा.

मुलगा कॅनडात आहे, तिकडचं मेपल सिरप आणलं होतं. नर्सरीवाला मेपलची रोपं देतो म्हणतो, ५०० रुपयाला एक. लावू का? (आजरा)

पैसे देऊ नका. तिकडे क्युबेक, व्हर्माँट या भागात मेपलच्या खोडाला भोक पाडून पाण्यासारखा रस गोळा करतात, आणि तो वाहतो कधी, तर हिवाळा संपताना, रात्री पाणी गोठेल एवढी थंडी आणि दिवसा शून्याच्या वर, असे दिवस ओळीने आले तरच. आजऱ्याला कितीही गारठा पडला तरी ते होणार नाही. झाड भोक पाडण्याजोगं व्हायलाच तीस-चाळीस वर्षं लागतात. शिवाय त्या रसात साखर साधारण दोन टक्के, ४० लिटर आटवले की एक लिटर सिरप. तुमच्या उसाच्या रसात १८-२० ब्रिक्स, पाच लिटरला एक लिटर काकवी. कामाची पद्धत मात्र सारखीच आहे, तेही अंगणात आटवतात, तेही पाण्याच्या उकळबिंदूवरून थर्मामीटर तपासतात. मुलाला इकडून काकवी पाठवा.

काकवीच्या धंद्याला सरकारी योजना आहे का? (बरेच जण)

आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, बँक कर्जाशी जोडलेलं, स्वतःचे निदान १० टक्के. अर्जाला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करतो, तालुका कृषी कार्यालयात त्याचं नाव आणि योजना अजून चालू आहे का ते विचारा, मशीन विकणाऱ्याकडे अर्ज देऊ नका, तो तुमच्या गरजेच्या तिप्पट मोठा प्लँट कोटेशनमध्ये घालतो. विकायची असेल तर अन्न परवाना नोंदणी करा आणि लेबलवर तारीख टाका. "डायबेटिसला चालते" असं लेबलवर लिहायचं नाही. काकवीत साखरच आहे, नाही चालत.

आमची काकवी खारट लागते. रीत सगळी तुम्ही सांगता तशीच केली. (शिरोळ)

जमीन क्षारपड असणार, नदीकाठच्या त्या पट्ट्यात हेच दिसतं. मीठ रसात उतरतं, आटवलं की पाचपट होतं, आणि ते कुठल्याही पावडरने निघत नाही, दुकानदार काहीही म्हणू दे. माती तपासून घ्या, चर काढून निचरा करा, ते काम दोन-तीन हंगामांचं आहे. तोवर त्या रानातला ऊस कारखान्याला द्या आणि काकवीपुरत्या पाच-पन्नास मोळ्या माळावरच्या भावकीकडून घ्या.