वाचकांचे प्रश्न : आरसी (रेडिओ रिमोटवर उडणारे) विमान आणि वारा

प्रश्न : माझे फोमचे ट्रेनर (शिकण्याचे विमान) १२०० मिलिमीटर पंखांचे, ८०० ग्रॅमचे आहे. वाऱ्याच्या तोंडावर छान उडते, पण वळून वाऱ्याबरोबर निघाले की एक पंख टाकून कोसळते. मोटर, सर्व्हो, बॅटरी सगळे तपासले. चुकते कुठे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : विमान ठीक आहे, फसतात ते डोळे. आपल्याला दिसतो जमिनीवरचा वेग, पंखांना लागतो हवेतला. समजा, विमान हवेत ताशी ४० किलोमीटरने जाते, २५ च्या खाली स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल तुटून पडते, आणि वारा १५ चा आहे. वाऱ्याविरुद्ध ते २५ ने सरकताना दिसेल, वाऱ्याबरोबर ५५ ने. ५५ पाहून नवखा घाबरतो आणि विमान नेहमीच्या ४० ने जाताना दिसेपर्यंत थ्रॉटल (मोटरची ताकद) कमी करत राहतो. तेव्हा हवेतला वेग उरलेला असतो जेमतेम २५. त्यातच वळायला एलेव्हेटर (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी पट्टी) ओढला जातो. ४५ अंश कलून वळताना स्टॉलचा वेग ३० च्या आसपास चढतो, म्हणजे पडणे ठरलेलेच.

वाऱ्याबरोबर जाताना थ्रॉटल आहे तिथेच ठेवा, विमान कितीही धावताना दिसो. वळण रुंद आणि कमी कलाचे घ्या. सगळ्या फेऱ्या आपल्यापासून वारा येतो त्या बाजूला मारा. फेरीगणिक विमान वाऱ्याने सरकत येते, ते आपल्याकडे येऊ दे, पाठीमागे नको. मागे गेलेच तर एलेव्हेटर ओढून धरू नका. थ्रॉटल वाढवा, नाक जरासे खाली ठेवा आणि सरळ परत आणा. पंख पडलाच तर आधी एलेव्हेटर सोडा, मग थ्रॉटल द्या, वेग आल्यावर पंख समपातळीत आणा आणि नंतरच हळू वर ओढा. एवढे करायला उंची हवी. शिकताना ३० मीटरखाली वळू नका.

प्रश्न : नवशिक्याने किती वाऱ्यापर्यंत उडवावे? वारा मोजायचे यंत्र नाही.
– एक वाचक, जळगाव

उत्तर : झाडाकडे पाहा. नुसती पाने सळसळत असतील तर वारा ताशी ६ ते ११ किलोमीटर; खुशाल उडवा. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर १२ ते १९. सोबत जाणता माणूस असेल तरच. धूळ आणि कागद उडू लागले की २० च्या पुढे गेला, विमान गाडीतच राहू द्या. झोत मात्र सरासरीपेक्षा जास्त घातक. उन्हाळ्यात जमीन तापली की ते सुरू होतात, म्हणून सूर्योदयानंतरचे दोन तास सोडू नका. झाडांच्या रांगेच्या आडोशालाही जाऊ नका. १० मीटर उंच रांगेमागे शंभर मीटरपर्यंत हवा घुसळलेली असते.

प्रश्न : उतरताना शेवटच्या मीटरभरात विमान धपकन पडते, लँडिंग गिअर वाकते.
– एक वाचक, पणजी

उत्तर : जमिनीलगत गवत, झुडपे वाऱ्याला अडवतात. वर १५ चा समोरचा वारा खाली ८ वर येतो, म्हणजे विमानाच्या हवेतल्या वेगातले ७ अचानक गळतात. तुम्ही तिथे थ्रॉटल पूर्ण बंद करून बसलेले असता. वाऱ्यात उतरताना नेहमीपेक्षा थोडा जास्त वेग ठेवा. अंदाजे पाव थ्रॉटल चाके गवताला टेकेपर्यंत राहू द्या आणि मगच बंद करा. लांब सरकेल, सरकू दे. आणि उड्डाणाचा टायमर ८ मिनिटांचा असेल तर वाऱ्यात ५ चा लावा, कारण वाऱ्याविरुद्ध परत येण्यात बॅटरी भराभर उतरते. पहिला प्रयत्न फसला तर पुन्हा वर जाण्यापुरती ती हवी.

प्रश्न : वाऱ्यासाठी विमानात वजन घालावे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : शिकताना नको. ८० ग्रॅम वाढवले की स्टॉलचा वेग सुमारे ५ टक्के वाढतो आणि आपटण्याचा जोरही. त्याऐवजी बॅटरी थोडी पुढे सरकवून सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) ३ ते ५ मिलिमीटर पुढे घ्या. नाक कमी उसळेल.