वाचकांचे प्रश्न : अंगण, परसू आणि हत्यारं

प्रश्न : आमचं गावचं घर रत्नागिरी जिल्ह्यात आहे, आम्ही राहतो ठाण्याला. पावसाळ्यात घराभोवती कमरेएवढं रान माजतं, बेणायला माणूस मिळत नाही. साधारण दहा गुंठे जागा, थोडा उतार, सात-आठ आंब्याची कलमं आणि भोवती चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. ग्रास कटर घ्यावा का, आणि पेट्रोलचा की बॅटरीचा?

उत्तर : दहा गुंठ्यांना घ्याच, विळ्याने ते आता होणार नाही. पण बॅटरीचा नको. गणपतीला दोन दिवस जाणार, त्यात लाईट गेली आणि बॅटरी चार्जच झाली नाही तर काय करणार? पेट्रोलमध्ये टू स्ट्रोक हलका आणि स्वस्त, पण त्याला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, फोर स्ट्रोकला ऑइल वेगळं असतं त्यामुळे मिसळायची भानगड नाही, फक्त मशीन थोडं जड. तुमच्याकडे उतार आहे म्हणून पाठीवर अडकवायचा प्रकार बघा, बाजूला लटकणारा सपाटीवर छान चालतो पण उतारावर कंबर मोडते.

टू स्ट्रोक घेतलात तर ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेतलंच धरा, दुकानदार काय म्हणतो ते सोडा. पुस्तिकेत 25:1 असेल तर लिटरला 40 मिली, 50:1 असेल तर 20 मिली. ऑइल विसरलं की पिस्टन जाम होतो आणि मग दुरुस्तीत नव्या मशीनच्या अर्ध्याएवढे पैसे जातात. काम झालं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरमधलंही पेट्रोल संपतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते कोकणातल्या दमट हवेत ओल ओढतं आणि दिवाळीला गेलात की मशीन सुरूच होत नाही.

आता पातं. मऊ गवताला नायलॉनची दोरी, जाड दांड्याच्या रानाला लोखंडी पातं. पण गडग्याजवळ लोखंडी पातं अजिबात नको, चिऱ्याला लागलं की पातं झटका देतं आणि दगडाचे तुकडे उडतात. तिथे दोरीच. कलमांच्या बुंध्याजवळ मात्र दोरीही नको, ती कोवळी साल सोलून काढते, सालीचं पूर्ण कडं निघालं तर कलम वाळतं आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. बुंध्याभोवती हातभर जागा विळ्यानेच साफ करा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण गवत चार दिवसांत परत येतं, कलमाला मात्र वर्षं लागतात.

बहुतेक मशीनचं पातं वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून उजवीकडून डावीकडे कापत जायचं. गार्ड काढून काम करणारे पुष्कळ दिसतात, तुम्ही करू नका. चष्मा, गमबूट, जाड पँट घाला, आजूबाजूला 15 मीटरपर्यंत कुणी नको, पोरं तर नकोतच. आणि गवतात शिरण्याआधी काठीने आपटून बघा, तुमच्या भागात फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं हे सांगायला नकोच.

प्रश्न : पुण्यात रो हाउससमोर 15 बाय 20 फुटांचं लॉन आहे. मॉवर फिरवला की दोन दिवसांनी शेंडे पिवळे पडतात. खत कमी पडतंय का?

उत्तर : खताचा संबंध कमी, आधी पातं बघा. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि फाटलेला शेंडा वाळतो. गवताची एक पात तोडून जवळून बघा, टोकाला दोरे निघालेले दिसले तर हेच कारण. धार लावून घ्या. दुसरं म्हणजे एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, ओल्या गवतावर मॉवर फिरवू नका. एवढ्याशा जागेला खरं तर हाताने ढकलायचा, गोल फिरणाऱ्या पात्यांचा सिलिंडरवाला मॉवर पुरतो, वायर नाही, आवाज नाही, फक्त गवत वाढू द्यायचं नाही, उंच झालं की तो ते नुसतं आडवं पाडतो. वायरवालाच ठेवणार असाल तर वायर खांद्यावरून मागे सोडा आणि त्या पॉइंटला 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

प्रश्न : खुरपं, विळा, कुदळ दर पावसाळ्यात गंजतात. नवी घेणं परवडतं का?

उत्तर : जुनी चांगली असतील तर कशाला? माती धुवून, पुसून, कोरडी करून खोबरेल किंवा मशीनचं ऑइल हलकं चोळा आणि जमिनीवर न टाकता भिंतीला टांगा. गंज आधीच असेल तर घासकागद. धार कानशीने लावा, एकाच दिशेने, मुळात ज्या बाजूला धार आहे त्याच बाजूने. कुदळीचा दांडा हलत असेल तर तिने काम करू नका, आधी पाचर मारून पक्का करा.