पाठ केलेलं प्रेझेंटेशन ऐनवेळी विसरतं आणि आवाज कापतो. लोकांसमोर सहज कसं बोलता येईल?

तुम्ही लिहिलंय की सगळं शब्दशः पाठ करता, तरी मध्येच एखादं वाक्य निसटतं आणि उरलेलं कसंबसं वाचून संपवता. माझ्या मते सगळं दुखणं त्या पाठांतराचं आहे. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांपासून ही सवय लागते: 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' अशी सुरुवात आणि पुढचं भाषण बाईंनी लिहून दिलेलं. त्यात प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याच्या शेपटीला धरून लक्षात राहतं. एक निसटलं की पुढची सगळी जातात.

नारदीय कीर्तन ऐकलं असेल तर आठवून पाहा. पूर्वरंगात एखाद्या अभंगाचं निरूपण, मध्ये नामाचा गजर, उत्तररंगात तोच विचार धरून आख्यान. सांगाडा पक्का असतो, पण निरूपणाची वाक्यं बुवा समोरच्या माणसांकडे बघून जुळवतात. लहान मुलं जास्त असतील तर दाखले बदलतात, लोक पेंगायला लागले की गजर घेतात.

मी ऑफिसात नव्या मुलांची प्रेझेंटेशनं बसवून घेतो तेव्हा हेच करायला लावतो. लिहिलेलं भाषण बाजूला ठेवायचं. प्रत्येक स्लाइड दाखवून नेमकं काय पटवायचंय ते एका ओळीत लिहायचं, आणि एका स्लाइडवरून दुसरीवर नेणारं वाक्य ठरवायचं. उदाहरणार्थ, 'विक्री वाढली, पण नफा तिथेच राहिला. का, ते बघू.' ही जोडवाक्यं आणि अगदी सुरुवातीची दोन वाक्यं, एवढंच पाठ करा. सुरुवातीची अशासाठी की धडधड तेव्हाच सर्वांत जास्त असते.

मग मोठ्यानं बोलून सराव करा, उभं राहून. वाक्य कुठे लांबतंय, श्वास कुठे अपुरा पडतोय हे मनातल्या मनात घोकून कधीच कळत नाही. दर वेळी शब्द वेगळे आले तर येऊ द्या, तेच तर हवंय!

आवाज कापण्याबद्दल एक गोष्ट खरोखर धीर देणारी आहे. केनेथ साविट्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवून दिलं की बोलणाऱ्याला आपली घबराट जितकी उघडी पडल्यासारखी वाटते, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही. ज्या विद्यार्थ्यांना हे आधी समजावून सांगितलं होतं, त्यांची भाषणंही जास्त चांगली झाली. हॉलमध्ये शिरण्यापूर्वी हे एकदा आठवा.

आणि 'शब्दांना फक्त ७ टक्के महत्त्व, बाकी सगळी देहबोली' असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ मधले ते प्रयोग सुट्या शब्दांतून आवड-नावड कशी कळते याबद्दल होते, भाषणाबद्दल नव्हते. हात कुठे ठेवायचे याची काळजी त्यामुळे पार शेवटी.

पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवर 'बी' दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. महत्त्वाचा मुद्दा सांगताना हे वापरा, लोक आपोआप तुमच्याकडे बघतात.

पुण्या-मुंबईत असाल तर टोस्टमास्टर्स या, लोकांसमोर बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या संस्थेच्या एखाद्या क्लबात पाहुणे म्हणून जाऊन या. तिथे 'टेबल टॉपिक्स' नावाचा भाग असतो: विषय तिथल्या तिथे मिळतो आणि लगेच एक-दोन मिनिटं बोलायचं. पाठ करायला वेळच नसतो, म्हणून तुमच्यासाठी मला तो सगळ्यात उपयोगी वाटतो.