लाल कांदा थांबत नाही

प्रिय,

पत्र मिळालं. मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा जमल्या आणि आता धोरणाचं काम करायचं म्हणतेस. जमल्या हे चांगलंच, पण त्या रेषांवर महिना लिहिलेला नसतो, तो तुला लिहावा लागेल.

कांद्याचंच घे. 19 ऑगस्ट 2023 ला केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं आणि 8 डिसेंबरला निर्यातच बंद केली. बंदी उठली 4 मे 2024 ला, तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यात किंमत आणि 40 टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात किमान किमतीची अट गेली, शुल्क 20 टक्क्यांवर आलं आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही उरलं नाही. परीक्षेत याचं उत्तर एका आकृतीत मावतं: निर्यात अडली, देशात माल साचला, भाव उतरला, ग्राहकाला फायदा, उत्पादकाला तोटा. चूक काहीच नाही, फक्त उत्तर अर्धं आहे.

शुल्काचं आधी बघू. सोपा आकडा घेते. दुबईचा आयातदार आपल्या कांद्याला सगळं धरून क्विंटलला 2800 रुपयांपेक्षा जास्त देणार नाही, कारण त्याला पाकिस्तानचा कांदाही मिळतो. वाहतूक तूर्त विसर. 40 टक्के शुल्क भरून 2800 पडायचे तर निर्यातदार इथे 2000 च देऊ शकतो. कागदावर शुल्क निर्यातदार भरतो, पण 800 रुपये निघतात शेतकऱ्याच्या ट्रॉलीतून. ज्याला दुसरीकडे जायला वाट नाही, कराचा भार त्याच्याकडे सरकतो. भाव बदलला की कोण किती हलू शकतो, याला पाठ्यपुस्तकात लवचिकता म्हणतात.

आता महिना. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने टिकतो. वजन घटतं, काही सडतो, पण मालकाला दम धरता येतो. खरिपाचा लाल कांदा पाणीदार, चाळीत टिकत नाही. डिसेंबरात तोच बाजारात असतो, आणि बंदी आली ती नेमकी तेव्हा.

हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाजार समितीत लिलाव बघत होते. व्यापाऱ्याने ट्रॉलीत हात घालून दोन कांदे उचलले, दाबले, बोली लावून पुढे गेला. भाव ऐकून शेतकऱ्याचा चेहरा उतरला. मी शहाणपणाने म्हटलं, "मग आज देऊ नका, पुढच्या आठवड्यात आणा." तो काही बोलला नाही. वरचा थर बाजूला सारून त्याने खालचा एक कांदा माझ्या हातात ठेवला. ओलसर होता, मानेतून हिरवा कोंब फुटलेला. परतीचं डिझेल वेगळंच. त्या दिवशी त्याची पुरवठ्याची रेषा जवळजवळ उभी होती, म्हणजे भाव काहीही मिळो, माल विकावाच लागणार होता, आणि मी त्याला आडव्या रेषेचा सल्ला देत होते!

ग्राहकाची बाजूही हलकी समजू नकोस. महिन्याला चार किलो कांदा खाणारं घर भाव 20 वरून 60 वर गेला तरी तीन किलो घेतंच. 80 रुपयांचा खर्च 180 होतो. 1998 ला दिल्लीत कांदा कडाडला आणि निवडणुकीत सत्ता गेली, ती धास्ती अजून आहे. म्हणून सरकार हात घालणार हे मी धरूनच चालते. माझी तक्रार घाईबद्दल आहे. एका रात्रीत काढलेला आदेश लागवडीआधी जाहीर झाला असता तर निदान काहींनी कांद्याऐवजी दुसरं काही लावलं असतं. पीक शेतात उभं राहिल्यावर तो पर्याय राहत नाही.

तर आता एक काम. तेच 40 टक्के शुल्क जूनमध्ये लागलं, चाळी भरलेल्या आहेत, असं धर. भार कोणावर किती पडेल आणि तेच शुल्क डिसेंबरात लागलं असतं तर त्यापेक्षा वेगळा का, याची आकृती काढून पाठव. अक्षांवर एकक लिही, मागच्या वेळी विसरली होतीस.

तुझी,
मावशी