लग्न झालं नव्हतं म्हणून बाळाची पोटगी अडत नाही

ताई, लग्नच झालं नाही तर कोर्टात उभं तरी करतील का, ही भीती आधी मनातून काढ. बाळाचा पोटगीचा हक्क आईबापाच्या लग्नावर अवलंबून नसतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, म्हणजे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलालाही धरतं. अर्ज कौटुंबिक न्यायालयात कर. ते नसेल तिथे प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांकडे.

अर्जासोबतच अंतरिम पोटगी, म्हणजे निकाल लागेपर्यंतची पोटगी, माग. मी मागितली नव्हती आणि पहिले कितीतरी महिने दुधाचा खर्चही एकटीने काढला. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असं कायदाच सांगतो. उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र दोघांनाही द्यावं लागतं, सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली तसं ठरवलं आहे. तुझं अगदी खरं भर.

बाळाचा बाप पितृत्व नाकारेल, ही तयारी ठेव. दवाखान्याचे कागद, त्याचे मेसेज, पैसे पाठवल्याच्या नोंदी, एकत्र राहिल्याचा भाडेकरार, काही पुसू नकोस. डीएनए चाचणीसाठी अर्ज करता येतो.

ताब्याचं म्हणशील, तर हिंदू कायद्यात अशा बाळाची पहिली नैसर्गिक पालक आईच. तरीही तो ताबा मागू शकतो, आणि कोर्ट बाळाचं हित बघतं.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नकोस. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. सोमवारीच जा, जन्मदाखला घेऊन.